१९३४ ची सहल गुपचूप का निघाली? आपली मोटारसायकल आणि आपला रस्ता

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. त्या दुरुस्तीने कलम ३(१) मध्ये काही नवे गुन्हे आले. त्यातले (झेड-ए) हे पोटकलम प्रत्येक आंबेडकरी तरुणाने एकदा तरी वाचावे. आपल्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणे, चप्पल-बूट किंवा नवे कपडे घालू न देणे, लग्नाची वरात काढू न देणे, वरातीत घोड्यावर किंवा वाहनावर बसू न देणे, हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ६ महिने, जास्तीत जास्त ५ वर्षे, शिवाय दंड.

मोटारसायकल हा शब्द देशाच्या कायद्यात का घालावा लागला? संसदेला काही दुसरा उद्योग नव्हता म्हणून नाही. आपला माणूस गाडीवर बसून गावातून गेला, उतरला नाही, मान खाली घातली नाही, म्हणून त्याला मारणारे लोक या देशात आहेत, म्हणून तो शब्द तिथे आला.

हे आज लिहायचे कारण म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातली पोरे आता गाड्या काढून फिरायला जातात. दोघे मित्र, एक गाडी, मागे बांधलेली बॅग, असे लांब लांब जातात. यावर चळवळीतले काही जुने कार्यकर्ते नाराज असतात. "सभेला बोलावले तर वेळ नाही, पेट्रोल जाळायला आहे," असे बोलतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. मौजेसाठी, स्वतःच्या मर्जीने, उघडपणे प्रवास करणे ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. ती मिळवावी लागली. ती कशी मिळाली हे माहीत नसेल तर मात्र जुन्यांची नाराजी खरी ठरेल.

रस्त्यावर होतो, पण प्रवासी नव्हतो

आपले पूर्वज आयुष्यभर रस्त्यावरच होते. सरकारी निरोप पोचवणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, सरकारी खजिन्यासोबत चालणे, गावाची शीव दाखवणे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे ही महाराची कामे होती. गावातले सगळे रस्ते त्याच्या पायाखालचे होते. पण त्या रस्त्यावर तो दुसऱ्याच्या हुकमाने चालत होता. स्वतःच्या कामासाठी किंवा स्वतःच्या आनंदासाठी तो निघाला की तोच रस्ता परका व्हायचा. पाणी कुठे पिणार? रात्री कुठे थांबणार? गाडीवान बसवून घेईल का?

हे प्रश्न बाबासाहेबांना लहानपणीच पडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. ते आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर गोड बोलला. महार आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला. अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून पायी चालणार. रात्रभर पाणी मिळाले नाही.

पुस्तकाच्या नावातच सगळे आले आहे. व्हिसा परदेशात जाताना लागतो. आपल्याला तो आपल्याच देशात, पुढच्या गावाला जातानाही लागत होता.

चाळीसगावचा टांगा

आता आपल्या भागाकडे येऊ. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा, मग वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना आणि पुढे बुलडाण्याच्या हद्दीतली खडकपूर्णा नदी. साधारण २०० किलोमीटरची ही वाट. मोटारसायकलने एका दिवसात होते. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासातली चार ठिकाणे या एकाच वाटेवर आहेत.

पहिले चाळीसगाव. २३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते धुळ्याहून चाळीसगावला आले. तिथल्या आपल्या लोकांनी रात्रभर थांबण्याचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. तरी त्यांना तासभर स्टेशनवर बसवून ठेवले. का, ते नंतर कळले. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. मग तडजोड झाली. टांगा मिळेल, टांगेवाला येणार नाही. आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेला. पायाचे हाड मोडले.

यातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष समाजशास्त्राच्या कोणत्याही वर्गात शिकवावा असा आहे. टांगेवाला गरीब होता, कष्टकरी होता. तरी बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा आपण वरचे, ही प्रतिष्ठा जातीने त्याला फुकट दिली होती. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. "आता जात राहिली नाही, फक्त गरीब-श्रीमंत राहिले" असे सांगणाऱ्यांना हा टांगा दाखवावा.

आणि पाहुण्याचा मान राखायला धडपडणारे ते चाळीसगावचे आपले लोकही विसरू नयेत. आपल्या माणसाला वाहनातूनच नेऊ, ही त्यांची जिद्द. आज गावात पोरगा नवी गाडी आणतो, तिला निळा झेंडा लावून आधी विहारासमोर नेतो. त्यामागे तीच जिद्द आहे.

दौलताबाद, १९३४

दुसरे ठिकाण दौलताबाद. आजच्या भाषेत सांगायचे तर ही मित्रांची रोड ट्रिप होती. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटले की कुठेतरी फिरायला जावे, बाबासाहेबांनी बरोबर यावे. बाबासाहेब तयार झाले. एक गोष्ट नक्की ठरली, वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच. भाड्याच्या बस आणि मोटारी घेऊन साधारण ३० जण नाशिकहून येवल्यामार्गे औरंगाबादकडे निघाले. सभा नव्हती, सत्याग्रह नव्हता. कष्टाने थकलेले कार्यकर्ते प्राचीन लेणी पाहायला चालले होते.

पण ही सहल त्यांनी जाहीर केली नाही. मुद्दामच. दूरच्या भागात अस्पृश्य प्रवाशाच्या वाट्याला जे येते ते टाळण्यासाठी ओळख न सांगता जायचे ठरले. जिथे थांबायचे होते तिथल्या फक्त आपल्या लोकांना कळवले होते. १९३० आणि १९३१ च्या गोलमेज परिषदांत लंडनला जाऊन बोललेला माणूस. त्याला आपल्याच मुलखातला किल्ला पाहायला गुपचूप जावे लागत होते.

दौलताबादला रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले एक टाके होते. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काही जणांनी तिथे हातपाय धुतले. मागून एक म्हातारा ओरडत आला की या लोकांनी पाणी बाटवले. गर्दी जमली. शिव्या सुरू झाल्या. तिथल्या स्थानिक अस्पृश्यांनाही बोल लावले गेले. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल का? त्यावर गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. तसे होऊ नये म्हणून सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला.

इथे एक इशारा. दौलताबादचा हा प्रसंग आजकाल काही लोक मुसलमानांविरुद्ध वापरतात. त्यांना विचारा, चाळीसगावचा टांगा का सांगत नाही? मसूरचे गाडीवान का सांगत नाही? बडोद्यातली पारशी धर्मशाळा का सांगत नाही? बाबासाहेबांनी हे सगळे एकाच पुस्तकात लिहिले. हिंदूंसाठी जो अस्पृश्य आहे तो या देशात इतरांसाठीही अस्पृश्यच ठरतो, आणि या रोगाचे मूळ जातिव्यवस्थेत आहे, हे त्यांना दाखवायचे होते. अर्धे पान फाडून वाचणाऱ्यांच्या हातात आपला इतिहास देऊ नका.

मक्रणपूर आणि खडकपूर्णा

तिसरे ठिकाण कन्नडजवळचे मक्रणपूर. ३० डिसेंबर १९३८. तेव्हा आपला जालना, औरंगाबाद हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात बाबासाहेबांना सभा घेता येत नव्हती. भाऊसाहेब मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्ग काढला. शिवना नदीपलीकडचे मक्रणपूर ब्रिटिश हद्दीत होते. परिषद तिथे भरवली. बंदी असूनही संस्थानातले आपले लोक नदी ओलांडून बाबासाहेबांना ऐकायला आले. 'जय भीम' या अभिवादनाचा इतिहास सांगताना आजही मक्रणपूरचे नाव आदराने घेतले जाते. चार वर्षांपूर्वी जी सहल गुपचूप निघाली होती, त्याच रस्त्याच्या बाजूला आता जाहीर परिषद झाली. चार वर्षांतला हा बदल चळवळीने घडवला.

चौथे ठिकाण जालन्याच्या पुढचे. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी पूर्णा बुलडाण्यात खडकपूर्णा म्हणून ओळखली जाते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या जळाल्या. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. हजारो स्त्री-पुरुष, दिवसाला ३० किलोमीटरच्या आसपास, पायी. २७ नोव्हेंबरला खडकपूर्णेवर त्यांना पोलिसांनी घेरले आणि अटका केल्या. जालना तिथून हाकेच्या अंतरावर होते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. ठरावापासून साडेपंधरा वर्षांनी. ज्या रस्त्यावर आपल्या माणसांनी दुसऱ्याची ओझी वाहिली, त्याच रस्त्यावर ही माणसे आपल्या बापाचे नाव घेऊन चालली होती.

आम्ही दोघांनी ही वाट केली तेव्हा

ही चारही ठिकाणे आम्ही आणि आमच्या एका मित्राने दोन दिवसांत मोटारसायकलवर पाहिली. १०० सीसीची जुनी गाडी. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून पुस्तक आणि पाण्याची बाटली सांभाळायची. दौलताबादला आज पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढून कोणीही आत जातो. तिकिटावर जात विचारत नाहीत, बरोबर शिपाई देत नाहीत. वेरूळला १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्धांची. दहाव्या लेण्यातल्या चैत्यात तथागतांसमोर बसलो तेव्हा त्या तीस जणांची आठवण येत होती.

पण संध्याकाळी एका गावात लॉजवर खोली मागितली. आधी खोली आहे म्हणाले. ओळखपत्रावरचे आडनाव वाचले, बाहेर उभ्या गाडीवरचा निळा स्टिकर पाहिला आणि खोल्या भरल्या. आम्ही बॅग बांधत असताना मागून आलेल्या दोघांना किल्ली मिळाली. मित्र म्हणाला, "पुढच्या ठिकाणी स्टिकर झाकू का?" आम्ही नको म्हणालो. पुढच्या गावात एका बौद्ध कुटुंबाकडे राहिलो.

मित्राच्या या प्रश्नाचे उत्तर या लेखातून द्यायचे आहे. १९३४ साली ओळख लपवणे हा शहाणपणा होता, कारण पाठीशी कायदा नव्हता. आज आहे. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी, घाट आणि रस्ते सर्वांना खुले करते. कलम १७ अस्पृश्यता संपवते. कलम १९ देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क देते. त्या कलमांत 'तळी' आणि 'रस्ते' हे शब्द वाचताना दौलताबादचे पाणी आणि चाळीसगावचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी हे दोन्ही स्वतः भोगलेले होते.

हा रस्ता जुना आहे

काही जण म्हणतील, फिरणे ही आपली संस्कृती नाही, हे शहरी चोचले आहेत. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या भोकरदनचा इतिहास पाहावा. हे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठान म्हणजे पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे शहर. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जालन्याच्या मातीतल्या माणसांचे दान थेट मध्य प्रदेशातल्या स्तूपांपर्यंत पोचले होते. भोकरदनच्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली आहे. एवढा या वाटांचा पसारा. बुद्धाने भिक्खूंना एका जागी बसू नका, लोकांच्या हितासाठी फिरत राहा असे सांगितले होते. चारिका हा धम्माचा भाग आहे. जी जातिव्यवस्था माणसाला शिवेच्या आत बांधते, ती चारिकेच्या उलट आहे.

जगातही हेच दिसते. केरळमध्ये अय्यंकाली यांनी १८९३ साली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून गाडी नेली, तेव्हा पुलय समाजाला तो रस्ता बंद होता. अमेरिकेत व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' छापले. कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची ती यादी होती. 'आपल्याच लोकांना कळवून ठेवणे' ही १९३४ च्या सहलीची युक्ती तिथे पुस्तकरूपाने चालू होती. बेसी स्ट्रिंगफील्ड ही काळी स्त्री त्या काळात एकटी मोटारसायकलवर अमेरिकाभर फिरली. खोली नाकारली की पेट्रोल पंपावर गाडीवरच झोपायची. ती थांबली नाही.

मग आपण काय करायचे?

पहिले, गाडीची किंमत ओळखा. गावात अत्याचार झाला की तिथे आधी पोचतात ते मोटारसायकलवरचे दोन कार्यकर्ते. एक चालवतो, दुसरा मागून फोन करून वकिलाला आणि पत्रकाराला कळवतो. भरतीच्या परीक्षेला, दवाखान्याला, कारखान्याच्या रात्रपाळीला हीच गाडी जाते. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आपल्या जिल्ह्यातून गेला. त्यावर दुचाकीला मनाई आहे. कारण सुरक्षेचे सांगतात, ते खोटे म्हणता येणार नाही. पण ज्यांच्याकडे फक्त दुचाकी आहे त्यांचे जुने रस्ते तरी नीट ठेवा, ही मागणी आपण करायलाच हवी.

दुसरे, फिरायला जा, पण वर्षातून एकदा तरी या २०० किलोमीटरवर जा. जाताना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचून जा. अर्ध्या तासात वाचून होते. प्रत्येक ठिकाणी थांबून मागे बसलेल्याला मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरे, मुलींना गाडी शिकवा. लाँग मार्चमध्ये आपल्या आया-बहिणी बरोबरीने चालल्या. त्यांच्या नातींना फक्त मागच्या सीटवर बसवणे शोभत नाही.

चौथे, परवाना, विमा, हेल्मेट पक्के ठेवा. आपल्याला अडवणाऱ्याला सबब देऊ नका. आणि कोणी जातीवरून अडवले, उतरायला लावले, पाणी किंवा खोली नाकारली, तर भांडत बसू नका. तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार लिहून घ्या आणि (झेड-ए)खाली तक्रार द्या. पोलीस टाळाटाळ करतील. लेखी पोच मागा. ज्या कलमाखाली तक्रारी होत नाहीत, ते कलम कागदावरच राहते.

पाचवे, आपल्या वाटेवर राहण्याची सोय आपणच उभी करा. प्रत्येक तालुक्यात विहार आहे. विहारात प्रवाशासाठी दोन गाद्या आणि पाण्याचा माठ ठेवायला फार खर्च येत नाही. येणाऱ्याची जात मात्र तिथे कोणीही विचारू नये.

बाबासाहेबांची सहल गुपचूप निघाली होती, कारण तेव्हा इलाज नव्हता. आपल्या नावावर गाडी आहे, हातात संविधान आहे, कायद्यात मोटारसायकल हा शब्द आहे. एवढे असताना स्टिकर झाकायचा नाही, आडनाव गिळायचे नाही. ज्याला खोली द्यायची नाही त्याने ते लेखी द्यावे, पुढचे आपण पाहून घेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!